दोन रिकाम्या बादल्या

गाडी वळणावर दिसली, तशी उल्कानने दोन्ही हातांत एकेक बादली उचलली. बादल्या रिकाम्याच होत्या.

“वहिनी, साहेब येतोय, घोडी नाही येत धारेला,” एसेनकुल म्हणाला. “ठेवा त्या खाली.”

“तुमचं तोंड तेवढं सांभाळा, भावजी. माझ्या हातांचं मी बघते.”

एरवी ती दिराला असं तोडून बोलत नसे. पण आज तिला धास्ती होती ती स्वतःच्या हातांचीच. खाणीच्या तोंडापासून चाळीस पावलांवर तिच्या नवऱ्याची, एगेम्बेर्दीची कबर होती. सहा वर्षांत त्याच्यासाठी दुवा मागत दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवल्याशिवाय ती तिथून एकदाही गेली नव्हती. आताशा ते आपोआपच वर जात. आज साहेबासमोर गेले, की सगळं मुसळ केरात.

चूक एसेनकुलची, पण त्याच्या एकट्याची नाही. या डोंगरावर शहरातल्या एका कंपनीचाही डोळा होता. खाणीचा परवाना त्या कंपनीला मिळाला असता, तर इथे हाताने कोळसा काढणाऱ्या पाच घरांनी जायचं कुठे? कचेरीने विचारलं, तुम्ही इथे खणता कधीपासून, पुरावा काय? एसेनकुलने वळणदार अक्षरात लिहून दिलं, ‘माझा थोरला भाऊ याच उतारावर पुरला आहे. याहून मोठा हक्क कोणाचा?’ पाचही घरांना ते वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. उल्कान तर रडली होती. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: कबरीपासून तीनशे मीटरच्या आत खोदकामाला परवाना मिळत नाही. पाहणीला माणूस येईल.

मेलेल्याला उठवून दुसरीकडे न्यायचं, हे कोणी तोंडातूनही काढलं नाही. काल दुपारी त्यांनी कबरीभोवतीचा लोखंडी कठडा उपटला. एगेम्बेर्दीचा चेहरा कोरलेला दगड उल्कानने घरी नेऊन कोठीत लोकरीच्या सतरंजीखाली ठेवला. पालथा घालायला मन धजेना, म्हणून उताणाच. मग उंचवट्यावर कोळशाचा चुरा टाकायचा होता, तर चार बाप्ये फावडी धरून नुसतेच जमिनीकडे बघत राहिले. पहिली बादली उल्काननेच ओतली.

गाडीतून उतरलेला साहेब, मामीरोव, तिशीच्या आतला होता आणि सर्दीने बेजार होता. पुढे केलेल्या रोटीचा तुकडा मोडून त्याने तोंडात टाकला, खाणीच्या तोंडाशी हातातलं यंत्र धरून आकडे टिपले आणि मग फाइल उघडली.

“अर्जात एका कबरीचा उल्लेख आहे.”

“जोशात लिहिलं गेलं, साहेब,” एसेनकुल म्हणाला. “भाऊ खाली गावात पुरलाय.”

“आणि ते काय?” मामीरोवने काळ्या ढिगाकडे मान केली.

“चुरा. कोणी फुकटसुद्धा नेत नाही.”

ढिगावर दहा-बारा पाखरं उतरली होती. ती का आली, ते उल्कानला लगेच कळलं. रोज सकाळी ती कबरीवर त्यांच्यासाठी मूठभर गहू टाकायची. आपल्या माणसाच्या कबरीवर सगळेच टाकतात. आज टाकला नव्हता, पण पाखरांना कोण सांगणार? पाखरं चुरा उकरत होती आणि मध्येच मान वाकडी करून उल्कानकडे बघत होती.

“कोळशात काय टिपतात ही?” मामीरोवने विचारलं.

“येडी पाखरं आहेत, साहेब.” एसेनकुल हसला. त्याच्याबरोबर कोणी हसलं नाही.

मामीरोव बराच वेळ पाखरांकडे बघत राहिला. मग त्याने नाक पुसलं आणि एसेनकुलला सोडून तो तिच्याकडे वळला.

“एजे, तुम्ही सांगा. इथे कोणाला पुरलंय का?”

थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक होती ती, आणि तिनेच उल्कानला जास्त भीती वाटली. नवरा गेला त्या जानेवारीत बर्फाने रस्ता बंद होता. तिसऱ्या दिवशीही गाव गाठता येईना, तेव्हा याच चौघांनी पहारींनी गोठलेली जमीन फोडून एगेम्बेर्दीला इथे ठेवलं होतं. तिला त्या पहारींचे आवाज ऐकू येऊ लागले. बादल्यांच्या कड्या तळहातात रुतत होत्या.

“इथे कोळसा आहे, साहेब,” ती म्हणाली. “दुसरं काही नाही.”

“मग सही करा. अर्जात पहिलं नाव तुमचंच आहे.”

सहीसाठी बादल्या खाली ठेवाव्या लागल्या. ‘सदर जागी कबर नाही’ या ओळीखाली तिने नाव लिहिलं. कागदावर अंगठ्याचा काळा डाग उठला. लगेच तिने बादल्या पुन्हा उचलल्या.

मामीरोवने कागद फुंकून फाइलीत ठेवला. “हा कागद झाला, एजे, म्हणजे इथे कबर कधीच नव्हती. पुढेही नाही. दगड नाही, कठडा नाही, काही नाही. उद्या दुसरा कोणी पाहणीला आला, तर तो हेच बघणार. कळतंय ना, मी काय म्हणतोय?”

“कळतंय.”

“परवाना महिनाभरात निघेल.”

गाडीकडे जायची जवळची वाट ढिगावरून होती. तो वळसा घालून गेला. दाराशी पोचल्यावर तो थांबला, पाठमोराच. त्याचे दोन्ही हात चेहऱ्यापर्यंत वर गेले, क्षणभर तिथेच राहिले आणि सावकाश खाली आले. मग तो शिंकत गाडीत बसला.

एसेनकुल तोवर बाकीच्यांच्या गळ्यात पडला होता. “बघा वहिनी, चकवलं की नाही! साहेबाला पत्ताच लागला नाही!”

“नाही लागला,” उल्कान म्हणाली.

पुरुष खाणीत शिरले. ती मागून निघाली आणि ढिगापाशी आली. पाखरं अजून उकरत होती. आता बघणारं कोणी नव्हतं, बादल्या खाली ठेवायला काहीच हरकत नव्हती. पण जो इथे नाहीच असं आत्ताच सही करून दिलं, त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने तळवे पसरायचे? कड्या तशाच घट्ट धरून ती खाणीत गेली.