राईबाहेरची पहार

मी एक जुनी पहार आहे. घोडेगावाहून डोंगराकडे जाणारी एसटी जिथे शेवटचं मोठं वळण घेते, त्याच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. त्या माळाच्या सीमेवरच्या दगडाला टेकून मी उभी असते. उभी असते असं म्हणते खरं, पण मित्रांनो, मला उभं राहणं जमत नाही. वारा आला की मी दगडावर किणकिणते. ऊन चढलं की अंगभर कळ धावते. कुठे दूर कोणी खणत असलं की त्याचा दणका जमिनीतून माझ्या टोकापर्यंत येतो आणि मग दिवसभर मला चैन पडत नाही. लोखंडाला काम हवं असतं. ते मिळालं नाही की ते स्वतःलाच खात बसतं. त्याला तुम्ही गंज म्हणता.

पहार होण्याआधी मी एका ट्रकचा आस होते. मंचरचे कांदे-बटाटे वाहून नेताना एका खड्ड्यात माझे दोन तुकडे झाले. त्यातला एक तुकडा बेल्ह्याच्या बाजारात लोहाराच्या पालावर पोहोचला. लोहार भाता चालवायचा आणि त्याची बायको घण घालायची. मला लालबुंद झालेली पाहून ती नवऱ्याला म्हणाली, "हिला आणिक ताव देऊ नका. ही आधीच तापट हाय." तिने माझं एक टोक अणकुचीदार केलं, दुसरं चपटं केलं आणि पाण्यात बुडवलं. तेव्हा मी जी चरचरले, ती आजतागायत आतून चरचरतेच आहे.

ही एकोणीसशे त्र्याण्णवच्या आसपासची गोष्ट. त्याच बाजारात रखमाजी नावाच्या धनगराने आपली शेवटची मेंढरं विकली आणि मला विकत घेतलं. शेजारचा व्यापारी हसला.

"मेंढरं इकून पहार घेतली व्हय पावणं? आता हिला चारायला न्हेनार का?"

"न्हेनार की," रखमाजी म्हणाला. "ही गवत खात न्हाई, एवढं बरं."

रखमाजी आणि त्याची बायको साळुबाई यांच्या मालकीचा हा माळ. माळाच्या माथ्यावर बिरोबाचं ठाणं होतं. ठाणं म्हणजे उघड्यावर मांडलेले तीन शेंदरी दगड. म्हाताऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे पूर्वी इथे देवाची राई होती. राई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. त्यात कोणी कुऱ्हाड घालत नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलत नाही. पण पिढ्यानपिढ्या मेंढरं चरली, शेळ्यांनी कोंब खाल्ले, आणि देव एकटाच उन्हात बसून राहिला. मेंढरं यांच्याच घरची होती. रखमाजीला ते लागून राहिलं होतं. त्याने आणि साळुबाईने देवापुढे नारळ ठेवून शब्द दिला, की तुझी राई तुला परत करू.

दुसऱ्या दिवशी मी माळावर पडले आणि ठिणग्या उडाल्या. खाली सगळा मुरूम. एक खड्डा काढायला सकाळची दुपार व्हायची. रखमाजी मला मारायचा, साळुबाई घमेल्याने माती ओढायची आणि ओढता ओढता गायची:

*देवाच्या माळाचं अंग पडलं उघडं,*
*मेंढरांनी फेडलं त्याचं हिरवं लुगडं.*

ते माझे सुखाचे दिवस. मी उतारावर आडवे चर खणले, पाणी अडवलं. उंबर, आपटा, हिरडा, जांभूळ यांच्यासाठी खड्डे काढले. अंगाला गंज लागायला सवडच नव्हती. शेजारचे मोठे बागायतदार दादाभाऊ बांधावर उभे राहून चिडवायचे, "रखमाजी, आयुष्यभर झाडपाला मेंढरांच्या तोंडी दिला, आन् आता त्याची मलमपट्टी करतो व्हय राव?"

रखमाजी घाम पुसत म्हणायचा, "ज्यानं खाल्लं त्यानंच लावावं, भाऊ. तुमी नुसतं बघत ऱ्हावा, त्येनंबी सावली पडती."

पहिल्या वर्षी मात्र एक चूक झाली. देवाची जागा स्वच्छ हवी, म्हणून साळुबाई दर रविवारी सगळा माळ खराट्याने झाडायची. पडलेलं पान राहू द्यायची नाही. झुडूप दिसलं की उपटायची. माळ अंगणासारखा लख्ख झाला आणि उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळून गेली. उघडी माती तापून तव्यासारखी झाली होती. साळुबाई ठाण्यापुढे रडत बसली. रखमाजीने तिच्या हातातला खराटा घेतला आणि म्हणाला, "आगं, देवाला पाचोळ्याचंच अंथरूण लागत आसंल. आपुन त्येच काढून घेतोय."

त्यानंतर झाडणं थांबलं. खणणं मात्र पुढेही चाललं. आणि एका चैत्रात, जत्रेच्या दिवशी, रखमाजीने गावासमोर सांगितलं, "आमचं काम झालं. आजपासून या सीमेच्या आत लोखंड यायचं न्हाई. विळा न्हाई, कोयता न्हाई, कुऱ्हाड न्हाई."

"माझ्या चपलेला खिळं हाईत," दादाभाऊ म्हणाले. "त्यांचं काय?"

"देवापुढं चप्पल तर आदीच काढायची की, भाऊ," साळुबाई म्हणाली, आणि माणसं हसली.

मी हसले नाही. कारण रखमाजीने मला खांद्यावर घेतलं, सीमेच्या दगडापर्यंत आणलं आणि बाहेर टेकवून ठेवलं. तो हळूच म्हणाला, "रागावू नगंस. लोखंड हातात आलं की मानसाचा हात शिवशिवतो. म्हनून." एवढं बोलून तो आत गेला, रिकाम्या हाताने.

मित्रांनो, ज्या जागेसाठी झिजलो, त्याच जागेत आपल्याला मज्जाव व्हावा, हे दुःख तुम्हाला कळेल का? मी बाहेरून बघत राहिले. चर भरून गेले, त्यांवर गवत आलं. उंबराला फळं धरली, पाखरं आली. त्यांनी कुठून कुठून बिया आणल्या. करवंदीच्या जाळ्या उठल्या. आम्ही लावली नव्हती अशी झाडं आम्ही लावलेल्या झाडांपेक्षा जोमाने वाढली. साळुबाई सीमेबाहेर चप्पल काढताना गुणगुणायची:

*उंबर बोलावी पाखरा, पाखरू बोलावी बोराटी,*
*न बोलावता आली बाई रानाची गं दाटी.*

रखमाजी एका हिवाळ्यात गेला. साळुबाई एकटी येत राहिली. ठाण्यापुढे बसायची, काही मागायची नाही, उठून जायची. हळूहळू गावातली इतर माणसंही तशी येऊन बसू लागली. घरात भांडण झालेली, पोराची काळजी लागलेली. आत जाताना त्यांचा आवाज चढलेला असायचा, बाहेर येताना उतरलेला. मी मात्र आतल्या आत धुमसत होते. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा, कोणीतरी मला आत न्यावं.

आणि तशी वेळ आली.

दोन हजार चारच्या जत्रेत दादाभाऊंच्या बायकोला उन्हाने भोवळ आली. ठाण्यापुढची जागा तेवढी मोकळी होती, झाडांची सावली तिथवर पोहोचत नव्हती. त्यांचा मुलगा आदेश मंचरला दुकान चालवायचा. आईला उचलून नेताना तो घाबरला होता आणि त्या भीतीतूनच त्याने ठरवलं, की देवापुढे पत्र्याचा पक्का मांडव घालायचा. पुढच्या जत्रेआधी त्याने टेम्पोतून लोखंडी अँगल आणि पत्रे आणून माझ्याशेजारी उतरवले. टेम्पो आत न्यायचा तर करवंदीच्या जाळ्या आणि चार-दोन उंबर काढावे लागणार होते. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी नुसती थरथरत होते.

"काकी, तुमची श्रद्धा मला मान्य हाय," आदेश साळुबाईला म्हणाला. "पण माझी आई त्या दिवशी गेली असती. देवाला मानसं मारायची हाईत का?"

साळुबाईने ठाण्याकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "देवालाच इचार."

आमच्याकडे देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. रखमाजीचा धाकटा भाऊ धर्माजी ठाण्याची पूजा करायचा. त्याने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सारं गाव श्वास धरून उभं. आदेशने मला उचलून सीमेच्या अगदी काठावर आणलं होतं. त्याच्या हाताचा घाम मला लागत होता.

धर्माजीने विचारलं, "देवा, तुझ्यापुढं छप्पर घालावं का?"

उजवी पाकळी पडली.

माझ्या अंगातून कळ गेली. आदेशने एक पाय आत टाकला. दहा वर्षांचं रान साळुबाईच्या डोळ्यांदेखत उपटलं जाणार होतं. पण ती आडवी आली नाही. खाली बसली, ठाण्याकडे बघत राहिली आणि मग धर्माजीला म्हणाली, "भावजी, देवानं छप्पर मागितलं. द्यायलाच पायजे. पण लोखंडाचं इचारलं का?"

"न्हाई इचारलं."

"मग आता इचारा की," आदेश म्हणाला.

धर्माजीने मान हलवली. "एका जत्रेला एकच कौल, बाबा. देव काय टेलिफोन हाय का, लागला न्हाई म्हनून परत फिरवायचा? आता पुढच्या चैत्रात."

"आन् तवर? हातानं खड्डं काढू?"

"काढ की," साळुबाई म्हणाली. "मी हाय संगं."

आदेशने मला रागाने सीमेबाहेर टाकलं. आईसाठी छप्पर हवं, हे त्याला सोडवत नव्हतं. त्याने दादाभाऊंच्या बांधावर पाडलेल्या वडाच्या चार ओल्या फांद्या खांबांसाठी आणवल्या. मग लाकडी दांडकी घेऊन तो ठाण्यापुढे बसला. मी बाहेरून कान लावला. मला वाटलं, आता मुरूम दणकेल, आता याला माझी आठवण होईल.

दणका आलाच नाही. वाऱ्याने येऊन साचलेला पाचोळा कुजून कुजून तिथे काळी, भुसभुशीत माती झाली होती. आदेशचा हात कोपरापर्यंत आत गेला. तो थांबला. मूठभर माती त्याने नाकाशी नेली, मग दांडकं बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागला. जिथे मी ठिणग्या पाडल्या होत्या, तिथे आता नुसती बोटं पुरत होती.

खांब रोवले, वर कडबा अंथरला. जत्रा सावलीत पार पडली. पावसाळ्यात कडबा कुजून गळून पडला, पण वडाच्या ओल्या खांबांना पालवी फुटली. एक वाळला, तीन जगले. पुढच्या चैत्रात त्यांची सावली आदेशच्या आईच्या खांद्यापर्यंतच पोहोचत होती, म्हणून तिच्या डोक्यावर त्याने पुन्हा थोडा कडबा घातला.

धर्माजी पाकळ्या घेऊन तयार होता. "लोखंडाचा कौल लावायचा न्हवं?"

"ऱ्हाऊ दे काका," आदेश म्हणाला. "पत्रं मी गोठ्याला घालतो."

जाताना तो मला घरी न्यायला वाकला. साळुबाई म्हणाली, "तिला हितंच ऱ्हाऊ दे. आत काय न्यायचं न्हाई, हे मानसाला तिच्याकडं बघून तरी ध्यानात येईल."

तेव्हापासून मी इथे आहे. मित्रांनो, मला शांती मिळाली असं मी सांगणार नाही. ते खोटं होईल. आजही राईत पान हललं की माझं टोक शिवशिवतं. पण तुमच्या गावाशेजारी एखादं रान आपलं आपण वाढत असेल, तर त्याला झाडू नका, सजवू नका, सुधारायला जाऊ नका. त्यात रिकाम्या हाताने जा आणि जरा वेळ बसा. आणि कधी इकडे आलात, मला किणकिणताना ऐकलंत, तुम्हाला माझी दया आली, तरी मित्रांनो, मला उचलून आत नेऊ नका. मी कितीही विनवलं तरी नेऊ नका.