खांबापाशी कोण उभं राहणार?

अगं, तू आधी गप्प बस आणि फक्त ऐक. चहा गार झाला तर होऊ दे. डोकं नुसतं तापलंय माझं!

मला सातवीचा तो वर्ग दिलाय ना, जो घ्यायला कुणी तयार नव्हतं? सुरुवातीला ओरडून ओरडून माझा घसा बसला. मी ओरडले की पोरं माझ्या वरताण. त्यात ती एक पोरगी, भोंगा. अख्खी शाळा तिला भोंगाच म्हणते. ती खोकली तरी शेजारचा वर्ग दचकतो. शेवटी मीच म्हटलं, "भोंग्या, आजपासून गोंगाट झाला की मी नाही, तू ओरडायचंस. पण तासाला एकदाच हं. जपून वापर."

आणि काय सांगू तुला! एकदाच मिळणार म्हणून ती ते ओरडणं खाऊसारखं राखून ठेवते. तिने नुसता श्वास आत ओढला की सगळे चिडीचूप. अजून तिला ओरडावंच लागलेलं नाही!

आता पुढचं ऐक. आमच्याकडे दंगा करणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करतात. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, रोज व्हरांड्यातून फेरी मारतात आणि दाराबाहेर किती पोरं उभी आहेत त्यावरून कुठल्या बाईंचा किती वचक ते ठरवतात. माझ्या दाराबाहेर कुणीच नाही! काल लगेच ऑफिसात बोलावणं.

"तुमच्या वर्गाला शिस्त नाही."

"बाई, वर्ग शांत असतो. आत येऊन बघा ना."

"बाहेर कुणी दिसत नाही. पालक येतात-जातात, त्यांना काय दिसणार? आणि ती भोंगा अजून आत कशी? उद्यापासून तिला बाहेर उभी करा. तुम्हाला कायम करायचं की नाही ते ठरवायचंय आम्हाला, लक्षात असू द्या."

म्हणजे बघ, दंगा नसेल तर दंगेखोर पैदा करा! घरी आईला सांगितलं, तर ती म्हणे, "एक पोरगी दारात उभी राहिली तर काय आभाळ कोसळतंय? नोकरी धर आधी."

आज वर्गात गेले. माझ्या तोंडावर सगळं दिसतं, तुला माहितीये. भोंग्याने विचारलं, हळूच हं, तिच्या मानाने हळूच: "बाई, मला बाहेर काढायला सांगितलंय ना?" आणि दप्तर उचलून उठलीसुद्धा! "दरवर्षी काढतात. मला जागा माहितीये, खांबापाशी वारा छान येतो."

तेवढ्यात मागून एक बहाद्दर, "बाई, मी जातो! मला तसाही भागाकार येत नाही." दुसरा म्हणतो, "तू मागच्या वर्षी रोज बाहेर होतास, आज मी." झालं! दारापाशी ढकलाढकली. भोंग्याने श्वास ओढला. सगळे जागेवर.

मग मी फळ्यावर गणितं लिहिली, खडू ठेवला, भोंग्याला खाली बसवलं आणि बाहेर जाऊन मीच खांबापाशी उभी राहिले. वारा खरंच छान येतो.

मोठ्या बाई आल्या. "हे काय?"

"बाहेर कुणीतरी दिसायला हवं होतं ना, बाई."

आतून फक्त पेन्सिलींची खरखर. पण त्यांनी आत डोकावून पाहिलं असेल तर शपथ! "उद्या शाळा भरताना एक तर ती पोरगी बाहेर दिसेल, नाही तर तुम्ही कायमच्या बाहेर," म्हणाल्या आणि तरातरा पुढच्या वर्गाकडे गेल्या. तिथे दाराबाहेर रांग लागली होती, ती बघून खूश!

हसू नकोस. मला ही नोकरी हवीये गं. पण उद्या ती दप्तर घेऊन उठली, तर मी तिला जा म्हणू? तूच सांग, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?