सेगावायाचं शेवटचं दार

आईने बूट काढायलाच पाच मिनिटं लावली. काउंटरवरची मुलगी आदबीने म्हणाली, "आजी, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही."

"तेव्हाही नव्हतं," आई म्हणाली. "सात महिने फुकट राहिलेय इथे. जेवणही तसंच होतं, फुकटाच्या लायकीचं."

मुलगी हसली. तिला वाटलं, आजीबाई विनोदी आहेत. मी आईचा हात धरला होता.

संग्रहालयाचं पत्र आलं त्या दिवसापासून ती झोपलेली नव्हती. सेगावाया ही गरम झऱ्याकाठची, मुक्कामाचीही सोय असलेली जुनी खानावळ आता वस्तुसंग्रहालय झाली आहे. तिची सरकती कागदी दारं दुरुस्तीला काढली, तेव्हा वरच्या चित्राच्या कागदाखाली, अस्तर म्हणून चिकटवलेली मुलांची पत्रं सापडली. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात टोकियोच्या शाळेतली मुलं बॉम्बपासून लांब म्हणून इथे आणून ठेवली होती, त्या मुलांची. त्यातलं कुणी हयात असेल तर अक्षर ओळखायला यावं, असं संग्रहालयाने लिहिलं होतं. आई त्या मुलांतली. तेव्हा ती तिसरीतली हिसा होती. तोकुजीमामा सहावीत.

माझ्या आईचं सगळं आयुष्य एका पत्राभोवती गुंडाळलेलं आहे. मामाने आजीला, म्हणजे आईच्या आईला, लिहिलं होतं, मला इथेच राहू दे म्हणून. मास्तर पत्रं तपासायचे आणि 'आम्ही मजेत आहोत' एवढंच पुढे जाऊ द्यायचे. म्हणून त्याने ते ओतोकी नावाच्या मोलकरणीच्या हातात चोरून दिलं. तिने ते कमरपट्ट्यात खोचलेलं आईने डोळ्यांनी पाहिलं होतं. उत्तर आलं नाही. तीन मार्चला सहावीची मुलं शाळेच्या समारंभासाठी टोकियोला परत नेली, आणि दहा मार्चच्या पहाटे बॉम्बहल्ल्यात टोकियो जळलं. आजी वाचली, पाठ भाजून. मामाचं हाडसुद्धा मिळालं नाही.

आईने आजीला कधी माफ केलं नाही. वाचलं आणि तरी त्याला येऊ दिलं, एवढंच तिच्या मनात. आजी आमच्याकडे यायची, माझे केस विंचरायची, मुळा किसायची. आई तिच्याशी बोलायची ती मीठ संपलंय, पाऊस येतोय, इतकंच. 'आई' अशी हाक मी तिच्या तोंडून ऐकलेली नाही. एकोणीस वर्षांची असताना तिने एकदाच विचारलं होतं, "ते पत्र मिळालं होतं ना?" आजी म्हणाली होती, "कुठलं पत्र?"

"खोटारडी," आई मला सांगायची. "माझ्या तोंडावर!"

आजीला जाऊन एकतीस वर्षं झाली. आणि आता ही दारं.

वरच्या मेजवानीच्या दालनात माकिनोबाई काम करत होत्या. कागद सोडवण्याचं काम त्यांचं. पस्तिशीच्या असतील, बाह्या वर खोचलेल्या, हातात बांबूची पातळ पट्टी. एकतीस पत्रं ट्रेमध्ये मांडलेली होती.

"सावकाश बघा, आजी. भिंगही आहे."

"भिंग कशाला? भावाचं अक्षर आहे. अंधारात ओळखेन."

ती चटईवर गुडघे टेकून एकेक ट्रे पाहत सरकू लागली. गुडघे कुरकुरत होते. पहिल्या पत्रात कुणीतरी लिहिलं होतं, खेळायच्या कापडी पिशव्यांतले वाटाणे काढून खाल्ले, आता खेळायला काही नाही. दुसऱ्यात नुसतंच, ने मला, ने मला. प्रत्येकावर मास्तरांच्या लाल पेन्सिलीची एक आडवी रेघ. जी पत्रं जाऊ द्यायची नाहीत, त्यांच्यावर ती. कागदाची टंचाई होती. खानावळीने ही रद्दी दारांच्या पोटात घातली.

एका पत्राशी आई थबकली. कागदाच्या कडेला मुलांचं गाणं लिहिलेलं होतं. ती ते पुटपुटली, आणि अर्ध्यावर तिचा आवाज आठ वर्षांचा झाला:

"डोंगराआड गाव माझं,
आगगाडी ग, ने मला,
आई चुलीशी बसली गं,
एक घास तरी दे मला."

"हे आम्ही रात्री पांघरुणात म्हणायचो," ती म्हणाली. "मास्तर आले की घोरायचो. तोकुजी इतकं खोटं घोरायचा, की हसून हसून पकडले जायचो."

एकतिसावा ट्रे झाला. आई सरळ बसली.

"नाही," ती म्हणाली.

"नीट पाहिलंस?"

"नाही म्हणजे नाही. गेलं होतं ते पत्र. मी म्हणत होते ना? बघ. इतकी वर्षं सगळे मला वेडी म्हणत होते. तुझा बाप म्हणायचा, डाक हरवली असेल गं, लढाई चालू होती. पोहोचलं होतं!" तिच्या गालांवर रंग चढला. जिंकल्यासारखा, आणि त्या जिंकण्याने मला भीती वाटली. "चल. तीनची बस मिळेल."

आम्ही उठलो. दारापाशी माकिनोबाई म्हणाल्या, "आजी, एक दार अजून अर्धं राहिलंय. माझं हेच काम चाललंय, संध्याकाळपर्यंत होईल. थांबायचं असलं तर."

"काही गरज नाही," आई म्हणाली.

जिना उतरताना तिने कठड्याला दोन्ही हात लावले. खाली आलो. तिने एक बूट घातला, दुसरा हातात धरून बसली.

"आई, बस."

"असेल बस. बस रोज असते." बूट हातातच. "नाओ, त्यात निघालं तर?"

"तर काय?"

"तर तिला मिळालंच नव्हतं." ती माझ्याकडे पाहत नव्हती, समोरच्या रस्त्याकडे पाहत होती. "मग मी काय केलं गं इतकी वर्षं?"

मी म्हटलं, जाऊ या. खरंच म्हटलं. ते दार अर्धंच राहू दे, तूही अर्धीच राहा, घरी जाऊ, मी मिसो सूप करते. तिने बूट काढला.

आम्ही पुन्हा वर गेलो. माकिनोबाईंनी फवाऱ्याने कागद भिजवला, मऊ होईपर्यंत थांबल्या, मग पट्टी आत सारली. वरचा कागद सुटला. त्याखाली खानावळीची जुनी यादी. त्याखाली पुन्हा कागद. आई इतकी पुढे वाकली होती की बाईंनी हळूच म्हटलं, "आजी, जरा मागे. तुमचा श्वास लागतोय कागदाला."

"माझा श्वास राहिलाय कुठे!"

चार वाजता तिने बोट दाखवलं. उलटा चिकटवलेला तुकडा होता, खालचा भाग दाराच्या मापाने कापलेला. मला अक्षरांच्या नुसत्या मुंग्या दिसत होत्या.

"तोकुजी," आई म्हणाली. एवढंच. हाक मारल्यासारखं.

बाईंनी तो ट्रेमध्ये सुलटा ठेवला. लाल रेघ इथेही होती. आईचे डोळे वाचेनात, म्हणून मी वाचलं.

"आई, हे पत्र सरांना न दाखवता पाठवतोय, रागावू नकोस. तीन तारखेला आम्हा सहावीवाल्यांना परत नेणार आहेत. पण हिसा झोपेत अंथरूण ओलं करते. मी पहाटे उठून माझी गादी तिला घालतो आणि तिची खाली गरम पाण्याच्या नळावर वाळवतो. म्हणून कुणाला कळलेलं नाही, तिलाही नाही. मी तिकडे आलो की कळेल, पोरं तिला सोडणार नाहीत. मालकीणबाई म्हणतात, लाकडं फोडशील तर राहा. तू सरांना दोन ओळी लिही. तू लिहिलंस तरच—"

पुढे कात्री.

खाली कुठेतरी झऱ्याचं पाणी पाइपातून गडगडत गेलं.

"तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओली उठले मी," आई म्हणाली. "मला वाटलं, तो गेला म्हणून सुरू झालं." मग लाल रेघेकडे बोट दाखवून, "ओतोकीने मास्तरांना दिलं."

"किंवा पकडली गेली असेल," माकिनोबाई हळू म्हणाल्या. "तिच्यावरही धाक असणार, आजी."

"असेल. असेल गं. बिचारी." ओतोकीला तिने एका श्वासात सोडून दिलं. हाच एक श्वास आजीला इतक्या वर्षांत मिळाला नव्हता.

मी तिला धरलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं, आई. आजीला कळलं असतं की तिच्या दोन ओळींनी तो वाचला असता, तर ती जगली असती का? तू तिला पत्रात काय होतं ते सांगितलं नाहीस, ते बरंच केलंस."

"बरं?" तिने मान वळवली. असा चेहरा मी बाबांच्या अंत्यविधीलाही पाहिला नव्हता. "मी रागावलेय एवढं तिला कळत होतं ना? कशासाठी, ते कधी सांगितलं मी? 'कुठलं पत्र' म्हणाली, आणि मी उठून गेले. मग तिला काय वाटलं असेल? तिला वाटलं, तो गेला आणि ती वाचली, म्हणून मी तिचा राग करते. जिवंत राहिली म्हणून. अठ्ठेचाळीस वर्षं ती जिवंत असल्याची माफी मागत राहिली, माझ्या घरी येऊन मुळा किसत राहिली. आणि मी म्हणत होते, मीठ संपलंय."

आजी दारात यायची तेव्हा आधी बाहेरच उभी राहायची, आत बोलावेपर्यंत. मला ते वळण वाटायचं, जुन्या माणसांचं.

आई चटईवर वाकली. नमस्काराला वाकतात तशी, कपाळ हातांवर. "आई," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. ती हाक इतकी न वापरलेली होती, की तिला ती नीट जमेना. तरी ती थांबत नव्हती.

बाहेर उजेड उतरला. काउंटरवरची मुलगी वर येऊन दारात उभी राहिली, पाच वाजले सांगायला, आणि न सांगताच परत गेली.

माकिनोबाईंनी शेवटी हळूच ट्रेला हात लावला. "आजी, कागद ओला आहे. आत्ता फळ्यांमध्ये दाबला नाही तर आकसेल, अक्षर जाईल."

आईने ट्रे दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"आजी. फाटेल."

"थोडं थांब गं, पोरी," आई म्हणाली. "अजून आईला वाचून दाखवायचंय. नाओ, वाच पुन्हा. पहिल्यापासून वाच. मोठ्याने."