जळबाच्या हातचा शिकंजा

मित्रांनो, वाचनालयाच्या मागच्या खोलीचे दार ज्या दोन जाड लाकडी फळ्यांनी अडवून ठेवले आहे, त्या फळ्या म्हणजे मीच. मी एक जुना शिकंजा आहे. फाटलेले पुस्तक शिवून, खळ लावून माझ्या फळ्यांमध्ये ठेवायचे, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळायचे आणि वाळेपर्यंत मी ते घट्ट धरून ठेवायचे, हे माझे काम होते. आता वाऱ्याने दार आपटू नये, एवढ्यासाठी मला ठेवले आहे.

माझा जन्म १९९३ साली हट्टा गावच्या एका सुताराच्या अंगणात झाला. अंग बाभळीचे. स्क्रू वसमतच्या प्रेमसिंग लेथवाल्याने लोखंड कातून, त्यावर आटे पाडून दिले. मला करवून घेतले ते आमच्या गावच्या ग्रंथपाल पद्माबाईंनी. आणि खरे सांगायचे तर पुस्तकांसाठी नव्हे, एका माणसासाठी.

तो माणूस जळबा. पुस्तके देण्या-घेण्याच्या टेबलावर त्याला बसवले होते. पण तो बोलताना फार अडखळे. कोणी काही विचारले की शब्द घशातच अडे, कपाळाला घाम फुटे आणि पोरे त्याची नक्कल करत. समितीतले लोक म्हणत, याला काढून टाका. शेवटी तो स्वतःच बाईंपुढे उभा राहिला.

"ब... बाई, मला काडून टाका. मला ह्ये ज... जमत न्हाई."

बाईंचे लक्ष त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेले. जुन्या पोत्याची होती, पण टाके एका रेषेत होते.

"ही पिशवी कोणी शिवली?"

"म... मीच."

"मग जमत नाही ते राहू दे बाजूला. हे जमतंय की!"

पुढच्याच आठवड्यात मी बैलगाडीतून या खोलीत आलो आणि जळबा फाटकी पुस्तके शिवू लागला.

जळबाच्या जागी टेबलावर कोण बसले असेल? शिपाई गोजरबाई! तिचे तोंड कधी मिटत नसे आणि सगळे तिच्यावर वैतागत. बाई म्हणाल्या, हिला माणसांत बसवा. बाजाराच्या दिवशी गोजरबाई दारातूनच हाका मारी, "अवो माय, कुठं चालल्या? लेकरासाठी एक पुस्तक घेऊन जा की!" भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका आत येऊ लागल्या. स्वतः बाईंना हिशेब जमत नसे. तो त्या सचिवांकडून करून घेत आणि "मला नाही येत बाबा" असे हसत सांगत.

ती वर्षे मला फार सुखाची गेली. औंढ्याकडचे लोकसुद्धा आपली फाटकी पुस्तके आमच्याकडे आणत आणि परत नेताना उलटसुलट करून पाहत राहत. स्क्रू आवळताना जळबा माझ्याशी बोलत असे. "थोडं सबूर कर गड्या. हां, आता गच्च धर. बराबर!" मित्रांनो, माझ्याशी बोलताना तो एकदाही अडखळला नाही.

२००३ साली बाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या. त्यांच्या जागी रविंद्रराव आले. ते वाईट असते तर बरे झाले असते, मला त्यांचा मनापासून राग तरी करता आला असता. पण ते भले गृहस्थ होते. कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि म्हणाले, "प्रत्येकाने आपली कमतरता भरून काढायची. ज्याला जे येत नाही, त्याने तेच करायचं." जळबा पुन्हा टेबलावर गेला आणि गोजरबाई माझ्याकडे आली.

"सायेब, माझ्या हाताला सुई धरवत न्हाई. काहून तकलीफ देऊन राहिले?"

"शिकाल, गोजरबाई. शिकायलाच तर दिलंय."

बिचारीने जीव तोडून प्रयत्न केला. एके दिवशी स्क्रू घट्ट बसेना म्हणून तिने त्यात लोखंडी सळई घालून जोर लावला. कटकन आवाज झाला आणि माझ्या उजव्या स्क्रूचे आटे गेले. ती पदर तोंडाला लावून रडली. मला तिचा राग आला नाही.

त्याच दिवशी बाहेर टेबलावर जळबा एका पुस्तकाचे नाव सांगत होता. शब्द अडला. कोणीतरी त्याच्याच सुरात तो पुरा केला आणि खोलीभर हसू पसरले. रविंद्रराव प्रेमाने म्हणाले, "घाबरू नका, जळबा. सगळ्यांसमोर पुन्हा म्हणा." त्याने पुन्हा म्हटले, लोक पुन्हा हसले. दुसऱ्या दिवसापासून जळबा आला नाही.

मग पुस्तके फाटत गेली. गोजरबाईही काम सोडून गेली. दारातली हाक बंद झाली आणि बायका बाहेरूनच जाऊ लागल्या.

काही वर्षांनी रद्दी न्यायला टेम्पो आला. पोती उचलायला आलेल्या हमालांत जळबा होता! पाठ वाकली होती. त्याने पोत्यातले एक पुस्तक उघडले. पाने कुजली होती, टाके मात्र त्याचेच होते, शाबूत. तो सरळ माझ्याकडे आला, मला दारापासून उचलले, पुस्तक फळ्यांमध्ये ठेवले आणि स्क्रू फिरवू लागला. डावा आवळला. उजवा नुसताच फिरत राहिला. तो फिरवत राहिला. मी किती धडपडलो, पण मला काहीच धरता येईना.

रविंद्रराव दारात येऊन म्हणाले, "जळबा, या ना परत. टेबल अजून रिकामंच आहे."

जळबाने तोंड उघडले. पण शब्द आला नाही. ते पुस्तक पोत्यात टाकून, पोते पाठीवर घेऊन तो निघून गेला.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी साहेब होईल, चार माणसे त्याच्या हाताखाली येतील. कोणाला काय येत नाही, हे कोणालाही दिसते. त्याला फारसे डोके लागत नाही. तुम्ही समोरच्या माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीकडे एकदा नीट बघा. मला नवा स्क्रू आजही मिळेल, वसमतला लेथ चालू आहे. पण तो फिरवायला जळबा आता येणार नाही.