तिसरा बोल्ट

कंधारच्या पुढे डोंगराच्या काठाला काळ्या फत्तराचा साठ फुटी कडा आहे. तिथे चढाईसाठी कायमचे बोल्ट बसवायचं ठरलं, तेव्हा ते काम अंजू हावगेकडे आलं. उदगीरला तिच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. ड्रिलवर तिचा हात लहानपणापासून बसलेला. तिने खालून वर सात बोल्ट ठोकले. चढणाऱ्याने एकेका बोल्टात दोर अडकवत वर जायचं, खाली दुसऱ्याने दोर सांभाळायचा. हात सुटलाच तर खालचा बोल्ट झेलतो. वाट काही फार अवघड नव्हती.

त्याच वाटेवर दीड वर्षापूर्वी अंजूची मैत्रीण शिल्पा पडली. शिल्पा कंधारचीच, शेतकऱ्याची मुलगी, पोलीस भरतीसाठी रोज पळणारी. तिसऱ्या बोल्टात दोर अडकवून ती जरा वर गेली आणि पाय सटकला. बोल्ट ताटाएवढ्या कपचीसकट निखळला. दुसरा बोल्ट झेलेपर्यंत ती जमिनीवर आदळली होती. उजव्या टाचेचा चुरा झाला. मैदानी चाचणी अकरा दिवसांवर होती. टाच जुळेपर्यंत भरतीची वयोमर्यादा उलटून गेली. आता ती गावातल्या मेडिकलवर बसते.

सगळे म्हणाले, दगडाचा काय भरवसा! शिल्पा म्हणायची, "माझंच चुकलं. अंग लई बाहेर टाकलं म्या." अंजू उदगीरच्या दवाखान्यात रोज डबा घेऊन जायची आणि हे ऐकून घ्यायची.

फेब्रुवारीत शिल्पाचा फोन आला.

"अंजू, मला चढायचंय. त्याच वाटेनं."

"दुसरी सोपी हाय ना गं, पलीकडची."

"न्हाई. तीच."

रविवारी दोघी कड्याखाली पोचल्या तेव्हा ऊन नुकतंच फत्तरावर आलं होतं. निखळलेल्या जागी फिकट खड्डा दिसत होता. त्याच्या डावीकडे हातभर अंतरावर अंजूने नंतर नवा बोल्ट बसवला होता. आधी अंजूने दोर घेऊन वर जायचं, मग शिल्पाने चढायचं, असं ठरलं. शिल्पाने खाली दोर धरला.

पहिले दोन बोल्ट अंजू सहज गेली. तिसऱ्यात दोर अडकवला आणि ती तिथेच थांबली. खड्डा अगदी नाकासमोर होता. बोटं घामाने निसटत होती.

"काहून थांबलीस?" खालून शिल्पा म्हणाली. "भिऊ नको, धरलंय मी."

ते ऐकून अंजूला राहवेना.

"शिल्पा, मला ठाऊक होतं."

"काय?"

"इथला जुना बोल्ट ठोकायच्या आधी मी हातोडा मारून बघितला होता. दगड बद्द वाजला. आतून सुटलेला होता. ड्रिलची बॅटरी संपत आली होती, अंधार पडून राहिला होता. म्हणलं, एवढा एक चालून जाईल."

अंजूला मान वळवून बघायचा धीर होईना. आपलं सगळं वजन शिल्पाच्या हातात आहे, हे तिला त्या क्षणी फार नीट कळलं. मग दोर ताणला गेला. शिल्पाने तिला सावकाश, एकदाही झटका न देता खाली उतरवलं.

पाय टेकल्यावर अंजू गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. शिल्पाने पुढे होऊन ती सोडली.

"दीड वर्ष," ती म्हणाली. "दीड वर्ष मी माझ्या पायाला शिव्या घालून राहिले. आईबी म्हणायची, तुला काय गरज होती कड्यावर जायची. आन् तू डबा घेऊन येत होतीस."

"मला सांगायचं होतं..."

"मग सांगायचं!"

ती ओरडली तसे कड्यावरचे पारवे उडाले. अंजू रडायला लागली, पण शिल्पाने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने आपली पिशवी उचलली.

"अजून लोकं चढतेत इथं. त्यांना सांग."

ती उतरून डांबरी रस्त्याला लागली आणि बसला हात केला. अंजूने गाडीवर सोडते म्हणून दोनदा हाक मारली. बस थांबली, शिल्पा चढली.

त्या संध्याकाळी अंजूने चढणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. तारीख, बॅटरी, तो आवाज, सगळं. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी कळवलं की तू बसवलेल्या बोल्टांवर आम्ही चढणार नाही. सुदर्शन म्हणून लातूरचा एक जाणता चढणारा होता, त्याने एकेक बोल्ट तपासायला घेतला. त्यातले दोन त्याने बदलले. बदलताना अंजू खाली उभी राहून सामान वर पाठवत होती. वडिलांनी विचारलं तेव्हा तिने त्यांनाही सांगितलं. ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

मार्चअखेर शिल्पा सुदर्शनबरोबर कड्यावर आली. अंजू तिथेच होती. शिल्पाने तिला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दोर सुदर्शनने धरला. तिसऱ्या बोल्टाशी शिल्पा बराच वेळ थांबली, उजवा पाय दोनदा टेकवून पाहिला, मग वर गेली. साठ फूट. अंजूला टाळी वाजवावीशी वाटली, वाजवली नाही.

खाली आल्यावर शिल्पा पाणी पीत बसली. मग अंजूकडे न बघता म्हणाली, "तिथं हात लई घामेजतेत अजून."

"माझेबी," अंजू म्हणाली.

शिल्पाने बाटलीचं झाकण लावलं आणि बूट काढायला लागली. टाच सुजली होती.