चौकातला ढीग

सिस्टरांच्या ढिगाला ताप चढला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. सोसायटीच्या चारी इमारतींतली भाज्यांची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, सगळं चौकाच्या कोपऱ्यात विटांच्या कठड्यात पडायचं आणि आतल्या आत तापून त्याचं खत व्हायचं. जन्मभर दवाखान्यात लोकांचे ताप उतरवले आणि निवृत्त झाल्यावर ताप चढवायचा उद्योग काढला, असं त्यांचा धाकटा भाऊ चारचौघांत म्हणायचा. हा भाऊ सोसायटीचा सेक्रेटरी. आईवडील लवकर गेल्यामुळे त्याला सिस्टरांनीच वाढवलं होतं. बोलायलाही त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्याचा त्यांना अलीकडे वरचेवर पश्चात्ताप व्हायचा.

ढिगाचं वेड त्यांनी उगाच घेतलं नव्हतं. त्यांची शेवटची नोकरी गावाबाहेरच्या कचरा डेपोला लागून असलेल्या दवाखान्यात होती. तिथे कचरा कुजायचा, पेटायचा, दिवसचे दिवस धुमसत राहायचा आणि आसपासच्या वस्तीतली पोरं खोकून खोकून निळी पडायची. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात अशाच एका पोराच्या पाठीवर हात फिरवत असताना त्यांना खिडकीतून आपल्याच सोसायटीची कचरागाडी रिकामी होताना दिसली. त्या दिवशी सिस्टर घरी येऊन जेवल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी चौकात स्वतःच्या हातांनी विटा रचल्या.

लोकांनी आधी नाकं मुरडली, मग हळूहळू बादल्या घेऊन खाली यायला लागले. सगळं सुरळीत चाललं होतं. मग कडाक्याची थंडी पडली आणि सिस्टरांमधली नर्स जागी झाली. ढीग गारठेल म्हणून त्यांनी त्याच दिवशी कापलेलं बागेतलं सगळं ओलं गवत त्यात कोंबलं आणि वरून घरातली जुनी रजई पांघरली. कडाही नीट खोचल्या. इतक्या मायेने त्यांनी सख्ख्या भावालाही कधी पांघरूण घातलं नसेल.

सकाळी वॉचमनने कुतूहल म्हणून रजईचं टोक उचललं. आतून वाफेचा असा लोट आला की तो दोन पावलं मागे उडाला. हा धूर की वाफ, याचा विचार करत बसणारा तो माणूस नव्हता. त्याने थेट बंब बोलावला. बंबवाल्यांनी इमानेइतबारे ढिगावर पाण्याचा मारा केला, आणि त्याचा अर्धा चिखल अध्यक्षांच्या नव्याकोऱ्या गाडीवर जाऊन बसला. आता पेटलं ते खरं.

शुक्रवारी सभा भरली. भावाने घसा खाकरून फर्मान वाचून दाखवलं: ढिगापासून आगीचा धोका आहे, रविवारी सकाळी गाडी येईल आणि तो उचलून डेपोवर टाकेल, यापुढे ओला कचराही तिकडेच जाईल. सिस्टर उभ्या राहिल्या. रजई माझी, चूक माझी, काय बोलायचं ते मला बोला, पण ढिगाने कुणाचं काय बिघडवलंय, असं त्यांनी विचारलं. ज्याच्या कुंड्यांतले गुलाब याच खतावर पोसले होते, तो तळमजल्यावरचा टेलर नखं निरखत बसला. सिस्टरांची भावजय खाली मान घालून सगळ्यांना चहा देत होती. सिस्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. चहा न घेताच त्या उठून गेल्या.

शनिवारी दुपारी त्या फावडं आणि बादली घेऊन ढिगापाशी आल्या. आपल्या बाल्कनीत मावेल तेवढं तरी वाचवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. टेलरने खिडकीतून विचारलं, काय करताय?

"उचलतेय. उचला म्हणालेत ना?"

टेलर थोड्या वेळाने एक रिकामं पिंप घेऊन बाहेर आला. सिस्टरांनी त्याला फैलावर घेतलं. काल दातखीळ बसली होती का, म्हणाल्या.

"अध्यक्षांच्या घरचे पडदे शिवायला आहेत माझ्याकडे, सिस्टर. खोटं कशाला बोलू?"

"मग आज?"

"पडदे शिवतोच की. पण बाल्कनी माझी आहे."

सिस्टरांना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. पिंपाला खालून भोकं पाड आणि वर झाकण ठेव, एवढं सांगून त्यांनी फावडं त्याच्या हातात दिलं. फावड्याचा आवाज ऐकून वरच्या खिडक्या उघडल्या. कुणी तडा गेलेली बादली आणली, कुणी तेलाचे डबे, तर एक आजोबा नातवंडाचा आंघोळीचा टबच घेऊन उतरले. सभेत मूग गिळून बसलेली माणसं आता ढिगाभोवती तावातावाने भांडत होती, मला कमी आलं म्हणून. सिस्टर प्रत्येकाला बजावत होत्या, रोज थोडा सुका पाला घाला, वास आला तर मला हाक मारा. संध्याकाळ व्हायच्या आत कठड्यात नुसती ओल उरली.

रविवारी गाडी आली आणि तिच्यामागून सेक्रेटरी. रिकामा कठडा बघून तो सिस्टरांकडे वळला.

"ताई, ढीग कुठाय?"

"उचलला. तुझाच हुकूम होता."

त्याने वर पाहिलं. बाल्कन्या-बाल्कन्यांतून डबे, पिंपं, बादल्या आणि त्यांच्याशेजारी हाताची घडी घालून उभी असलेली माणसं. त्याचा चेहरा लालबुंद झाला. सगळ्यांनी मिळून आपल्याला मूर्ख बनवलंय, असं तो ओरडला, आणि गाडीवरच्या माणसांना घरोघरी पाठवून एकूण एक डबा खाली आणतो म्हणाला.

"अहो, मग आपल्याच घरापासून सुरू करा."

भावजय बोलली होती. तिसऱ्या मजल्यावरून, बाल्कनीच्या कठड्याला टेकून, आवाज न चढवता. तिच्या पायाशी ही मोठी बादली होती.

"फक्त उचलायला तुम्ही या, माणसं पाठवू नका," ती म्हणाली. "आणि गाडीत बसून डेपोवरही तुम्हीच जा. ताई सांगतात त्या पोरांच्या दारात तुमच्या हातांनी ओतून या. मग मी काही बोलणार नाही."

गाडीवाल्याने बिचाऱ्याने खरंच केबिनचं दुसरं दार उघडून धरलं.

भाऊ सिस्टरांकडे बघायला लागला. शाळेत मार खाऊन आला की असाच बघायचा. त्याला प्रत्येक अडचणीतून ओढून काढायची सिस्टरांना जन्माची सवय होती. त्यांचा जीव तुटला त्याच्यासाठी. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

शेवटी त्याने गाडीवाल्याला हातानेच जायची खूण केली. गाडी आली तशी रिकामी गेली.

"अध्यक्ष विचारतील, ढिगाचं काय केलंत," तो पुटपुटला. "काय सांगू त्यांना?"

"सांग, चौकात होता तेव्हा एकच होता," सिस्टर म्हणाल्या. "आता बसा म्हणावं मोजत."