टाकलेल्या राण्या

गुनवोरने हातातल्या राण्या टाकल्या आणि स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने म्हणाली, "शाबास, म्हातारे!"

फेरीबोटीच्या भटारखान्यात जन्म काढून ती हर्नोसांड या बंदराच्या गावी निवृत्त होऊन घरी बसली होती. दुपारचं जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा आणि चिल्लर पैशांच्या टेबलावर पोकर खेळायचा, एवढीच तिची चैन. त्या दिवशी हातात दोन राण्या आल्या. टेबलावरच्या सगळ्यांच्या सामाईक पानांत आणखी एक राणी आणि दोन अठ्ठे उघडले. तीन राण्या, दोन अठ्ठे, म्हणजे फुल हाउस! असली पानं महिन्यातून एखाद्या वेळी येतात. समोर 'ब्लोक्लिंट' नावाचा कुणी अनोळखी खेळाडू होता. गेले काही आठवडे तो तिच्या टेबलावर दिसायचा. फार जपून खेळणारा, हातात काही नसताना कधीच पुढे न सरकणारा. शेवटचं पान राजा पडलं आणि इतका वेळ गप्प असलेल्या ब्लोक्लिंटने होतं नव्हतं तेवढं सगळं लावलं.

गुनवोरने मनात हिशेब मांडला. असला घाबरट माणूस उगाच उडी मारणार नाही. याच्याकडे राजांची जोडी आहे. म्हणजे त्याचे तीन राजे, दोन अठ्ठे, आणि आपल्या राण्या पाण्यात. जीवावर आलं, पण तिने पानं टाकली.

हे मायकेनला सांगितल्याशिवाय तिला चैन पडेना. मायकेन तिची जिवाभावाची मैत्रीण. नवरा ट्यूरे गेला तेव्हा दुपार खायला उठते म्हणून रडायची. गुनवोरनेच तिला हा खेळ शिकवला. दर गुरुवारी मायकेनकडे कॉफी प्यायची आणि आपण कुठे चुकलो, कुठे फसवलं, कशाला घाबरलो, ते सगळं उघड बोलायचं. एकमेकींच्या टेबलावर मात्र कधी बसायचं नाही. ही अट मायकेननेच घातली होती.

गुरुवारी कॉफी ओतून होते न होते तोच गुनवोर म्हणाली, "फुल हाउस आलं होतं मला. आणि टाकलं!"

मायकेनचे डोळे लकाकले. "म्हणजे राण्या होत्या तुझ्याकडे! मला वाटलंच! आणि राजा पडला म्हणून टाकल्यास ना?"

गुनवोरने दालचिनीचा पाव तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला. राण्यांचं नाव तिने काढलं नव्हतं. राजाचं तर नाहीच.

मायकेनच्याही लक्षात आलं. मानेपर्यंत लाल झाली ती.

"ब्लोक्लिंट तू आहेस," गुनवोर म्हणाली.

"अगं, गंमत होती. चिल्लरचा तर खेळ!"

"इथे बसून मी तुला सगळं सांगत होते, मायकेन. मी कधी थापा मारते, कधी मला धडकी भरते. आणि तू ते घेऊन माझ्यासमोर बसत होतीस?"

"मग काय करू?" मायकेनचा आवाज चढला. "ट्यूरे गेल्यापासून दर गुरुवारी मी तुझी शाळकरी पोर. 'असं नाही गं, तसं खेळ.' एकदा तरी तुला हरवायचं होतं. तुझ्या नकळत."

"मला सांगून बसली असतीस तर?"

"तर तू मुद्दाम हरली असतीस. माहीत नाही होय मला तू?"

ते खरं होतं. तिने कोट चढवला. दाराशी थांबून, विचारायचं नाही असं ठरवूनही, विचारलंच, "राजे होते ना तुझ्याकडे?"

मायकेनने टेबलावरचा चुरा बोटाने गोळा केला. "नव्हते. काहीच नव्हतं. तूच म्हणायचीस ना, जपून खेळणाऱ्याने एकदम सगळं लावलं की मी पानं टाकते. म्हणून इतके आठवडे जपून खेळले."

रस्त्यावर बर्फ वितळून राड झाली होती. घरी पोचेपर्यंत गुनवोरचे बूट आतून भिजले, तरी तिला ते कळलं नाही. सगळ्या जगात एकाच माणसाला आपली भीती सांगितली होती, आणि तिने ती भीतीच डाव म्हणून लावली. त्या दुपारची स्वतःलाच दिलेली शाबासकी आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या गुरुवारी फोन वाजला, तिने वाजू दिला. त्याच्या पुढच्याही. मग तो वाजायचा थांबला.

सप्टेंबरमध्ये दुकानाच्या रांगेत दोघी पुढेमागे आल्या. मायकेन वाळली होती. पाकिटातली नाणी चाचपत तिने हळूच विचारलं, "खेळतेस का गं अजून?"

"नाही. सोडलं," गुनवोर म्हणाली.

ती रोज खेळत होती, नवं नाव घेऊन. मायकेनशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मायकेनने मान डोलावली, बटाटे पिशवीत भरले आणि निघून गेली. तिला ते पटलं की नाही, गुनवोरला काही कळलं नाही.